अर्धाच गुडघा

अनसूया ताम्हाणे एकतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. त्यातली बावीस वर्षं कर्जत तालुक्यातल्या डोंगराकडेच्या वाड्यांवर गेली. खांद्याला लशींचा डबा, पायात रबरी चप्पल आणि चाल अशी की बरोबरचा शिपाई धापा टाकत मागे राहायचा. नवरा लवकर गेला. मुलगी ऋजुता तेव्हा तिसरीत होती. तिला कर्जतजवळच्या दहिवलीच्या घरी आजीजवळ ठेवून अनसूयाबाई सकाळी सातला निघायच्या, त्या दिवेलागणीला परतायच्या. वाड्यांवर त्यांचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ‘सिस्टर आल्या’ एवढं कानावर पडलं की सुईच्या भीतीने पोरं झाडावर चढून बसायची.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी उजवा गुडघा बोलायला लागला. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं ताटावरून उठतानासुद्धा. तेल झालं, पट्टा झाला, गुडघ्यात घ्यायची इंजेक्शनं झाली. शेवटी ऋजुता त्यांना पनवेलला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली.

तिथले डॉक्टर चाळिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा सांधा हातात घेतला. “गुडघ्यात तीन खोल्या आहेत असं समजा,” ते म्हणाले. “एक आतल्या बाजूची, एक बाहेरच्या बाजूची आणि एक पुढे वाटीखालची. तुमची आतली खोली पार झिजली आहे. बाहेरची उत्तम आहे. वाटीखाली थोडी झीज सुरू झाली आहे.”

“थोडी म्हणजे किती?” ऋजुताने विचारलं. ती साजगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती. ‘थोडं’ हा शब्द तिला चालत नसे.

“आत्ता त्रास देण्याइतकी नाही. पुढे वाढणारच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. म्हणून दोन रस्ते आहेत. एक, पूर्ण सांधा बदलायचा. दोन, फक्त आतली खोली बदलायची. त्यात काप लहान, रक्त कमी जातं, पाय लवकर चालता होतो, आणि गुडघा आपलाच असल्यासारखा वाटतो. पण बाकीच्या खोल्या पुढे बिघडल्या तर पुन्हा उघडावा लागतो.”

“तुमची आई असती तर?”

डॉक्टरांनी सांधा टेबलावर ठेवला. “मी बहुधा पूर्ण केला असता. पण अर्धा करणंही चूक नाही. त्या स्वतः या क्षेत्रातल्या आहेत. त्यांना ठरवू द्या.”

अनसूयाबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. “अर्धाच.”

घरी आल्यावर शेजारच्या शरीफाने डोक्याला हात लावला. शरीफाचे दोन्ही गुडघे चार वर्षांपूर्वी पूर्ण बदलले होते. रोज सकाळी ती बाजारात पायी जाऊन मासळी घेऊन यायची. “सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. मी काय सांगणार तुम्हाला? पण एकदा चाकू लागणारच हाय, तर पुरा करून टाका ना.”

“मला जमिनीवर बसता आलं पाहिजे गं. तुला खुर्चीवर बसून नमाज पढावी लागते.”

“लागते. कपाळ भुईला लागत नाय, त्याचं वाईट वाटतं कधी कधी,” शरीफा म्हणाली. “पण दुखत नाय.”

जमिनीवर बसण्याचं कारण सांगायला बरं होतं. खरं कारण अनसूयाबाईंनी मुलीलाही सांगितलं नाही. त्या घाबरल्या होत्या. शेकडो बायांना त्यांनी टेबलापर्यंत हाताला धरून नेलं होतं, पण स्वतःच्या अंगाला बाळंतपणाशिवाय कधी सुरी लागली नव्हती. आता थेट हाडावर करवत चालणार होती. करवत कमी चालली तर बरं, एवढाच त्यांचा हिशेब. त्याला त्यांनी शास्त्राचा पोशाख चढवला आणि ऋजुता गप्प झाली.

नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं. कमरेत भूल दिलेली, त्यामुळे हिरव्या पडद्यापलीकडून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. दुखत नव्हतं, पण प्रत्येक ठोक्याला सगळं अंग हलत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना चालवलं. सहा आठवडे त्या खोपोलीला ऋजुताकडे राहिल्या. जावई अनुपम रोज कामावर जाण्याआधी त्यांना सोसायटीच्या आवारात एक फेरी मारून आणायचा. काप खरंच लहान होता. महिन्याभरात काठी सुटली. अनसूयाबाईंनी फोन करून शरीफाला सांगितलं, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

दुखणं मार्चमध्ये आलं. त्या तोवर दहिवलीला परतल्या होत्या. अंगणात कपडे वाळत घालताना गुडघ्याच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या दोन बोटं खाली, कोणीतरी अंगठा रुतवून धरावा तसं झालं. जुनं दुखणं संध्याकाळी यायचं आणि तेलाने, शेकाने उतरायचं. हे तसं नव्हतं. पाय टेकला की ते हजर. पाय उचलला की जायचं, पुन्हा टेकला की त्याच जागी, तेवढंच.

“पहिलं वर्ष जाऊ द्या,” डॉक्टर म्हणाले. वर्ष गेलं. मधल्या काळात व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, रक्ताच्या तपासण्या झाल्या. दर वेळी एक्स-रे काढला जायचा आणि डॉक्टर तो उजेडावर धरून खूश व्हायचे. “पुस्तकात छापावा असा आलाय फोटो. सांधा जागच्या जागी आहे. आजी, तुम्ही फार लक्ष देऊ नका त्याच्याकडे. मन दुसरीकडे रमवा.”

अनसूयाबाईंनी मन रमवून पाहिलं. वाचनालय लावलं. पण वाचनालयाला सात पायऱ्या होत्या. बाजार बंद झाला, मग देऊळ बंद झालं, मग अंगणही. शरीफाचा नवरा इद्रिसभाई रिक्षा चालवायचा. तो भाजी आणून दारात ठेवायचा आणि “कसा आहे पाय?” असं विचारायचा. हळूहळू त्यानेही विचारणं सोडलं. दर वेळी तेच उत्तर ऐकायचं म्हणजे त्यालाही अवघडच.

दिवाळीला त्या खोपोलीला गेल्या. भाऊबीज झाल्यावर, फराळाचे डबे आवरताना, ऋजुता त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “आई, एक विचारू? रागावू नकोस.”

“विचार.”

“चार वेळा फोटो काढला. रक्त चांगलं आहे. ताप नाही, सूज नाही. मनाचं तर नसेल ना गं?”

अनसूयाबाईंनी हातातला डबा खाली ठेवला. ऋजुताला वाटलं, आई दुखावली. ती जवळ येऊन बसली, “तसं नाही गं, मी आपलं…” म्हणाली. पण अनसूयाबाईंना मुलीचा राग आला नव्हता. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. हेच शब्द त्यांनी उपकेंद्राच्या ओट्यावर उभं राहून एका बाईला सुनावले होते. त्या बाईचं नाव चिंधी.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला एक ठाकर आदिवासींची वाडी आहे. चिंधी तिथली, पोशाची बायको. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिला तिसरं मूल झालं तेव्हा ती जेमतेम चोवीस वर्षांची होती. मार्चअखेर जवळ आली होती आणि अनसूयाबाईंच्या नसबंदीच्या केसेस कमी पडत होत्या. वरून रोज विचारणा व्हायची. त्यांनी चिंधीच्या सासूला पटवलं, पोशाला पटवलं. चिंधीला पटवायची गरजच पडली नाही. सासूने आणि नवऱ्याने हो म्हटल्यावर ती मुकाट जीपमध्ये बसली. एका शिबिरात एका दिवसात तिसांवर बाया झाल्या. त्यात चिंधी एक.

पुढे महिन्या-दीड महिन्याने ती उपकेंद्रावर आली. डाव्या कुशीत, खाली, दुखतंय म्हणाली. अनसूयाबाईंनी गोळ्या दिल्या. ती पुन्हा आली. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा तालुक्याला नेऊन तपासून आणलं. तिथे काही निघालं नाही. तरी ती येतच राहिली. मोळी उचलत नाही म्हणायची, लावणीला वाकवत नाही म्हणायची. एके दिवशी लसीकरणाला बाया जमल्या होत्या, अनसूयाबाई पहाटेपासून उपाशी होत्या, आणि चिंधी पोट धरून समोर उभी राहिली. त्या ओरडल्या, “चिंधे, रिपोर्ट चांगला आहे. मनाचं आहे सगळं तुझ्या. काम नको म्हणून पोट धरतेस.”

बाया हसल्या. ती गोष्ट त्यांच्याआधी वाडीत पोचली. त्यानंतर चिंधी उपकेंद्रावर आली नाही. वर्षभराने पोशाने दुसरी बायको आणली, पोरं स्वतःकडे ठेवली आणि चिंधीला वेगळं काढलं. ‘घरातली कामाला नाय’ असं तो सगळीकडे सांगायचा, आणि वर म्हणायचा, ‘सिस्टरच बोल्ल्या’. अनसूयाबाईंच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी तेव्हा मान झटकली होती. लोकांची लग्नं मोडणं-जुळणं हे काही त्यांच्या कामात बसत नव्हतं.

डिसेंबरात भातं कापून झाली, वाटा सुकल्या, तेव्हा त्यांनी इद्रिसभाईला सांगितलं, “मला कोंडाण्याला जायचंय.”

“लेणी बघायला? या पायाने?”

“वरच्या वाडीत. एका बाईला भेटायचंय.”

“मी खाली बोलावून आणतो तिला. तुम्ही रिक्षात बसा.”

“नको. मीच जाणार.”

जिथवर रिक्षा जाते तिथवर इद्रिसभाईने नेली. पुढची चढण पूर्वी त्यांच्या पायाला दहा मिनिटांची होती. त्या दिवशी तिला पाऊण तास लागला. डावा पाय वर ठेवायचा, काठी टेकायची, उजवा ओढून घ्यायचा. इद्रिसभाई दोन पावलं मागून चालत होता. मध्येच तो पुटपुटला, “काय एवढं काम आहे, अल्ला जाणे.” त्यांच्याजवळ बोलण्यापुरता श्वास नव्हता.

चिंधीचं खोपटं वाडीच्या टोकाला, सगळ्यांपासून जरा बाजूला होतं. ती दारात नाचणी पाखडत बसली होती. केस पांढरे, हात काटक्यांसारखे. तिने मान वर करून बघितलं आणि सूप न थांबवता म्हणाली, “सिस्टर. म्हाताऱ्या झालात.”

“तूही झालीस.”

“मी कवाच झाले.”

अनसूयाबाईंना खाली बसता येईना. जमिनीवर बसता यावं म्हणून अर्धाच, असं तर त्यांनी शरीफाला सांगितलं होतं. चिंधीने उठून भिंतीकडचा लाकडाचा ओंडका पायाने त्यांच्याकडे ढकलला. त्यावर त्या पाय लांब करून टेकल्या. इद्रिसभाई पलीकडे आंब्याखाली जाऊन उभा राहिला.

“पायाला काय झालं?”

त्यांनी सांगितलं. अर्धा का पूर्ण असं विचारलं, त्यांनी अर्धा म्हटलं, कापलं, धातू बसवला, आता दुखतं. “डॉक्टर म्हणतात फोटो चांगला आहे. आत काही नाही.”

“मंग नसंल काय,” चिंधी म्हणाली.

सूप वर गेलं, खाली आलं. कोंडा उडाला. अनसूयाबाई वाटभर जे जुळवत आल्या होत्या त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवेना. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “चिंधी, तुझं पोट खरंच दुखत होतं. मी मानलं नाही. चार बायांपुढे तुला नको ते बोलले. चुकलं माझं.”

आता सूप थांबलं.

“ह्ये सांगाया आलात?”

“हो.”

“तुमचा पाय दुखला नसता तर आला असतात?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नसते आले,” अनसूयाबाई म्हणाल्या.

चिंधीने मान हलवली. तिला तेच उत्तर अपेक्षित असावं. “वीस वर्सं दुखलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस किती पडला ते सांगावं तसं ती सांगत होती. “पाळी गेली तवा थांबलं. आता नाय दुखत. तुमचं तरी तुमी ठरवलंत. अर्धा का पुरा. मला कोणी इचारलं व्हतं?”

“नाही.”

“मंग. आन् आता मला सांगून काय व्हणार? माझं पोट, मला काय ठावं नव्हतं?” तिने हनुवटीने खालच्या घराकडे दाखवलं. “त्याला सांगा.”

खालचं घर पोशाचं. पोशा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, तोंडात तंबाखू. त्याची दुसरी बायको वनिता, पन्नाशीला टेकलेली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेजारची दोन-चार माणसं जमली. सिस्टर इतक्या वर्षांनी आल्या म्हणजे काहीतरी योजना असणार, असं त्यांना वाटलं.

अनसूयाबाई उभ्यानेच बोलल्या. “पोशा, चिंधी कामचुकार नव्हती. ऑपरेशननंतर तिला दुखणं लागलं होतं. ते खरं होतं. मी तेव्हा खोटं ठरवलं. हे मी सगळ्यांसमोर सांगते.”

पोशाने बाजूला पिंक टाकली. “तुमीच तर बोल्ल्या व्हत्या.”

“हो, मीच. ते चूक होतं.”

“आता काय त्याचं सिस्टर. ती बी म्हातारी झाली, मी बी झालो.” तो शेजाऱ्याकडे वळला आणि गुरांना पेंढा कधी आणायचा ते बोलायला लागला.

एवढंच झालं. कोणी रागावलं नाही, कोणी रडलं नाही. वनिता तेवढी तांब्या हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. अनसूयाबाईंनी वर मान करून पाहिलं. सूप दारात तसंच पडलं होतं, दोन कोंबड्या नाचणी टिपत होत्या आणि चिंधी आत निघून गेली होती. त्यांनी हाक मारली नाही.

उतरताना पायाने दगाच दिला. गुडघा भार घेईना. जिथे उतार जास्त होता तिथे अनसूयाबाई खाली बसून सरकत उतरल्या, परीटघडीची साडी मातीत लोळवत, पाय पुढे धरून. इद्रिसभाई पुढे होऊन दगड बाजूला करत होता आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. रिक्षात बसल्यावर त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

त्या दिवसानंतर दुखणं वाढलं. फेब्रुवारीत ऋजुताने खोपोलीतल्याच एका दवाखान्यात नंबर लावला. तिथे महिन्यातून दोनदा पुण्याहून एक वयस्क सर्जन यायचे. त्यांनी फोटोची पिशवी घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली. अनसूयाबाईंना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. मग टेबलावर झोपवून म्हणाले, “एका बोटाने दाखवा.”

त्यांनी दाखवलं. सर्जनांनी तिथे अंगठ्याने दाबलं आणि अनसूयाबाई ओरडल्या.

मग हाडांचा स्कॅन झाला. आतल्या बाजूला बसवलेली धातूची पट्टी खालच्या हाडात धरत नव्हती, ती पाय टेकला की किंचित हलत होती. वाटीखालची झीजही वाढली होती. साध्या फोटोत ते दिसलं नव्हतं. “बाई,” सर्जन म्हणाले, “हे दुखणं खरं आहे.”

ऋजुता भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. अनसूयाबाईंना वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड तसाच राहिला.

“पहिल्यांदाच पूर्ण केला असता तर?” ऋजुताने डोळे पुसत विचारलं.

“जर-तरचं उत्तर कोणाकडेच नसतं. पूर्ण बदललेल्यांतही काहींचं दुखत राहतं.” त्यांनी पुढचं समजावलं. काठी आणि गोळ्या यांवर दिवस काढायचे, हा एक मार्ग. दुसरा, पुन्हा उघडायचं, आधीचं काढायचं आणि पूर्ण सांधा बसवायचा. पण दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं. हाड कमी उरलेलं असतं, जखम मोठी होते, वाकणं कमी होऊ शकतं.

“तुम्हीच सांगा,” अनसूयाबाई म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी असा निवाडा दुसऱ्यावर सोडला.

“कारण सापडलं नसतं तर मी हात लावला नसता. सापडलंय, म्हणून करावं म्हणतो. पण सगळं दुखणं जाईल, असा शब्द देत नाही.”

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. या वेळी पूर्ण भूल होती, ठोके ऐकू आले नाहीत. जखम महिनाभर पाझरत राहिली. पट्टी बदलायला रोज शरीफा यायची, तिच्या लोखंडी गुडघ्यांवर टुकटुक चालत, आणि काम झाल्यावर बराच वेळ नुसती बसायची. “पुरा करा म्हटलं होतं” हे वाक्य तिने एकदाही तोंडातून काढलं नाही. त्याबद्दल अनसूयाबाई तिच्या ऋणी होत्या.

अंगठा रुतवल्यासारखं ते दुखणं गेलं. ते खरंच गेलं. पण गुडघा काटकोनापर्यंतही वाकेना. खुर्चीवर बसलं तरी पाय समोर काठीसारखा राही. नडगीचा एक तळहाताएवढा भाग बधिर झाला, आणि जास्त वेळ उभं राहिलं की मांडीपर्यंत एक मंद ठणका चढत जाई. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सहा महिने जीव तोडला, मग तीही म्हणाली, “काकू, आता एवढाच.” बसची पायरी चढणं संपलं. ऋजुता दर रविवारी येते. तिने आता काही विचारायचं सोडलं आहे. ती येते, आईचा पाय मांडीवर घेते आणि तेल चोळत बसते. दोघींनाही ठाऊक आहे की तेलाने धातूला काही होत नाही.

पाऊस ओसरल्यावर एके दुपारी दाराशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. हातात काकड्यांची पिशवी. अनसूयाबाईंनी आधी ओळखलं नाही.

“मी वनिता. पोशाची.”

त्यांनी तिला आत बोलावलं. ती खुर्ची सोडून खाली बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, वर्षभर अंगावरून जातंय, कंबर धरलेली असते. एका डॉक्टरला दाखवलं. त्याने गर्भाची पिशवी काढायला सांगितलीय, पुढच्याच आठवड्यात.

“करू का सिस्टर?”

“माझ्याकडे कशी आलीस?”

“तुमी त्या दिशी बोल्लात ना, तिचं दुखणं खरं व्हतं म्हणून. घरी मी सांगते तर म्हणतो, आता तुझं पण सुरू झालं. तवा म्हटलं, तुमालाच इचारावं.”

ऑपरेशन करावं की नाही, हे पूर्वी अनसूयाबाई दारातूनच सांगून मोकळ्या झाल्या असत्या. आता त्यांनी कधीपासून जातंय ते विचारलं, किती जातंय, कुठे दुखतं, कोणत्या कुशीवर झोपवत नाही, सगळं विचारलं. वनिता आधी अडखळत बोलली. नंतर तिचं बोलणं थांबेना. शेवटी अनसूयाबाई म्हणाल्या, “मला माहीत नाही वनिता. मला खरंच सांगता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू आधी. मी येते बरोबर.”

गुरुवारी इद्रिसभाईने त्यांना रिक्षात मागच्या बाकावर आडवा पाय करून बसवलं, वनिता कोपऱ्यात अंग चोरून बसली. बाईडॉक्टरकडे अडीच तास थांबावं लागलं. अनसूयाबाईंचा पाय सुजून खांबासारखा झाला. तपासण्या लिहून दिल्या, तीन महिन्यांची औषधं दिली, मग बघू असं ठरलं. बरं होईल की कापावं लागेल ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

परत येताना कर्जतच्या चौकात रिक्षा थांबली असताना अनसूयाबाईंनी विचारलं, “चिंधी कशी आहे?”

“ती? ती गेली ना.”

“गेली?”

“तशी नाय. भावाकडं गेली, ठाकुरवाडीला. तुमी येऊन गेलात, त्याच्या म्होरल्या महिन्यात. भांडी बांधली आन् गेली. बोल्ली, आता ह्या वाडीत माझं काय नाय.” वनिताने पदर सावरला. “घर पाडलं आमी. लाकडं कामाला आली.”

ठाकुरवाडी घाटात आहे. तिथे कसं जायचं ते अनसूयाबाईंना पुरतं ठाऊक होतं. नोकरीत त्या कितीतरी वेळा गेल्या होत्या, लशींचा डबा खांद्याला लावून, रुळांच्या कडेने आणि मग वर. आता कोणी उचलून नेलं तरच जाणं होणार होतं, आणि तसं जाऊन तिला सांगायचं तरी काय, हेही त्यांना कळेना.

इद्रिसभाईने आरशातून पाहिलं. “सिस्टर, घरी ना?”

“हो,” त्या म्हणाल्या. “आधी हिला सोडू.”